पंच्याण्णव आणि पिवळा कागद

आमच्या घरात त्याला नावानं कोणी ओळखतच नव्हतं. मी आणि हे त्याला पंच्याण्णव म्हणायचो, अर्थात पाठीमागे. समोर साहेब. त्याचा धंदा असा, की नोकरी संपत आलेल्या माणसाला समोर बसवायचं आणि त्याचं उरलेलं आयुष्य कागदावर मांडून द्यायचं. धडधाकट माणूस येवो की काठी टेकत आलेला, हा कोऱ्या कागदाच्या डोक्यावर आधी आकडा लिहायचा, पंच्याण्णव. म्हणायचा, "इथपर्यंत पैसा पुरला पाहिजे." डॉक्टर मरणाची भीती घालून पैसे घेतो, हा जगण्याची भीती घालून घ्यायचा. पहिल्या दिवसापासून मला हा माणूस सरळ वाटला नाही.

त्या गोष्टीला वीस वर्षं झाली. हे छापखान्यात मशीनवर होते, साठ पुरी होऊन घरी बसणार होते. मी अठ्ठावन्नची. पंच्याण्णव स्वतः तेव्हा बावन्नचा, काळे केस, बोटं लांब. बुटांच्या दुकानावर त्याच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक टायपिस्ट बाई, आतल्या खोलीत हा. त्याच्या टेबलावर एक पेन सोडलं तर काही नसायचं. टेबल इतकं रिकामं ठेवणाऱ्याचे खण भरलेले असणार, हे मी तिथं बसल्या बसल्या ओळखलं.

आमचं काम घेण्याआधी तो एकदा घर बघायला आला. पैशाचं काम करणाऱ्याला घर कशाला बघायचं? पण आला. रस्त्यापासून आमच्या दारापर्यंत जिना मोजत आला. कठडा हलवून बघितला. मोरीत डोकावला, जमीन निसरडी आहे का ते पायानं चाचपलं. मग मला विचारलं, तुमची आई कितव्या वर्षी गेली, कशानं गेली, शेवटची वर्षं कोणाकडे होती. मी यांना आत बोलावून सांगितलं, हा घराची किंमत करतोय. हे म्हणाले, "करू दे. फुकट करतोय ना?"

बोलायला मात्र तो थकायचा नाही. त्याचं म्हणणं असं, की निवृत्तीचं वय ज्यांनी ठरवलं त्यांनी ते अडुसष्टाव्या वर्षी मरणाऱ्या माणसाच्या मापानं ठरवलं, आता माणूस नव्वदीपर्यंत टिकतो आणि माप जुनंच आहे. लोहाराला साठ जास्त होतात, कारकुनाला कमी, मग दोघांना एकच तारीख का? पेन्शनची खिडकी पहिल्या मजल्यावर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला महिनाभर गुडघ्याला फळी बांधून कामावर बोलवावं, असंही म्हणायचा. म्हातारपणात औषधं महाग पडत नाहीत, पिशवी उचलायला लागणारा माणूस महाग पडतो. आणि मुलं ही मुलं असतात, ती योजनेत धरायची नाहीत. हे वाक्य त्यानं आमच्या मुलासमोर म्हटलं, तेव्हा मुलगा हसला होता. मला ते हसू आवडलं नव्हतं.

हे सगळं तो सरकारलाही लिहून कळवायचा. एका पत्रात त्यानं लिहिलं होतं, की दुसऱ्याचा पैसा हाताळणाऱ्या प्रत्येकाची पासष्टीनंतर दर वर्षी बाहेरच्या माणसाकडून परीक्षा घ्यावी, डोकं जागेवर आहे का बघावं. ज्या समितीला हे पत्र गेलं तिच्यात सत्तरीच्या आतलं कोणी नव्हतं. सूचना विचारात घेतली आहे, असं उत्तर आलं. ते उत्तर तो सगळ्यांना दाखवायचा आणि स्वतःच हसायचा.

आता पिवळ्या कागदाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

डोकं ठिकाणावर असतानाच प्रत्येकानं त्याच्याकडे एक पिवळा कागद सही करून ठेवायचा, ही त्याची रीत. सत्तरी ओलांडली, की तो दर वर्षी पाच प्रश्न विचारणार. घराला पायऱ्या किती? दूध काय भावानं आणता? शेवटचं बिल कुठलं भरलं, कुठे भरलं? पैशाबद्दल शेवटचा फोन कोणाचा आला, तुम्ही काय म्हणालात? आणि पर्समध्ये आत्ता किती पैसे आहेत, मग ती उलटी करून ते मोजायचे. सलग दोन वर्षं दोन उत्तरं चुकली, तर तो तसं बँकेला लिहिणार, आणि तिथून पुढे आपल्या एकट्याच्या सहीवर काही हलणार नाही. कागदावर ज्याचं नाव दिलं असेल त्याच्या हातात कारभार जाणार. यांनी माझं नाव लिहिलं. मी यांचं लिहिलं, आणि यांच्यामागे मुलाचं. "तुम्ही शहाणे असताना, वेडे व्हाल तेव्हाची सही करताय," असं पंच्याण्णव म्हणाला होता. मी मनात म्हटलं, आणि तुझ्या हातात देतोय.

पायऱ्यांचा प्रश्न त्याचा लाडका. "दूध महाग होतं वहिनी, जिना महाग होत नाही. तो आकडा हलला की मी सावध होतो." यांच्याशी ओळख झाल्यापासून तो मला वहिनी म्हणायचा.

माझी सत्तरी आली आणि त्यानं मला पहिल्यांदा ते पाच प्रश्न विचारले. घरी आले आणि यांची छापखान्यातली एक कोरी वही काढली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर मोठं आणि हळू, पण माझं मला वाचता येतं. त्यानं काय विचारलं आणि मी काय सांगितलं ते सगळं लिहून ठेवलं. यांनी विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, "माझी उत्तरं त्याच्या कपाटात, मग त्याचे प्रश्न माझ्या कपाटात नकोत?" दोन वर्षांनी हे गेले, पण वही मी चालू ठेवली. आठ वर्षांची नोंद आहे तीत. नुसती उत्तरं नाहीत, जे जे खटकलं ते सगळं.

आणि खटकत बरंच होतं. टायपिस्ट बाई आधी कधी आत यायच्या नाहीत. गेली दोन वर्षं त्या पाण्याचा ग्लास घेऊन यायच्या आणि दारातच उभ्या राहायच्या. ग्लास रिकामा होईपर्यंत नाही, माझं बोलणं संपेपर्यंत. मला वाटलं, मुलानं ठेवलेला कान आहे हा. मुलगा मधूनमधून पंच्याण्णवला फोन करायचा हे मला माहीत होतं. घर विकून तू आमच्याकडे ये, असं त्याचं तीन वर्षं चाललं होतं. त्यानं धुण्याच्या मशीनमागची खोली मोजूनसुद्धा ठेवली होती, पलंग बसतो म्हणाला. पलंग बसतो, पण मी कुठे बसायचं ते नाही बोलला. त्याचीही निवृत्ती आठ वर्षांवर आलेली, त्याच्या कंपनीनं पेन्शन बंद केलेली. माझ्या पोटचा आहे, म्हणून मी हिशोब करायचा नाही असं थोडंच आहे?

गेल्या वर्षी पंच्याण्णवनं माझ्या कागदावर दोन फुल्या मारल्या. कुठे चुकलं ते सांगितलं नाही, म्हणाला बघू पुढच्या वर्षी. ते वर्ष माझं कसं गेलं ते मलाच माहीत. मीठ घातलं की नाही हे दोनदा चाखून बघायचे. कुलूप लावून चार पावलं जायचे आणि परत यायचे.

यंदा मुलगा म्हणाला, मी सोडतो गाडीनं. सोडून थांबला, आत येऊन बसलासुद्धा. टायपिस्ट बाई ग्लास घेऊन दारात. मी मनात म्हटलं, पंचायत भरली.

"पायऱ्या किती, वहिनी?"

"बावीस."

त्यानं कागदाच्या वरच्या कोपऱ्यातल्या नोंदीकडे बघितलं आणि मान खाली घातली. दूध? मी अडुसष्ट म्हटलं. त्यानं पेन थांबवलं. बिल, फोन, पर्स ही तीन उत्तरं बरोबर आली, पर्समधली नाणीसुद्धा जुळली. मग तो चष्मा काढून म्हणाला, की मला हे सांगताना वाईट वाटतं. तुमच्या घराला एकतीस पायऱ्या आहेत, तशी नोंद आहे. दूध एक्कावन्न आहे. गेल्या वर्षी याच दोन ठिकाणी चुकलं, यंदाही तिथेच. आठ दिवसांत तो बँकेला लिहिणार होता.

मी मुलाकडे वळले. "तू सांग, किती पायऱ्या आहेत आपल्याला?"

"मला काय माहीत आई, मी दोन-दोन चढतो."

"आणि दूध?"

दूध त्याची बायको आणते. पन्नास वर्षांचा माणूस, दोन प्रश्नांत दोन भोपळे, आणि कारभार त्याच्या हातात जाणार होता. टायपिस्ट बाई ग्लास हातात धरून माझ्या कागदावरच्या फुल्यांकडेच बघत होत्या. कटात सामील असून घाबरलेली दिसतेय, असं मला वाटलं.

मुलानं गाडीनं घरी सोडलं. उतरताना म्हणाला, खोलीला खिडकी पाडून घेऊ. चांगल्या मनानं म्हणाला असेल. मी दार लावून घेतलं.

मग मी जिना मोजला. वर जाताना बावीस. खाली आले, बावीस. पण डोकंच गेलं असेल, तर मोजणारं तेच डोकं ना? खालच्या पायरीवर बसले आणि पहिल्यांदा मला माझाच संशय आला. आजवर सगळ्यांचा घेतला होता, माझा तेवढा राहिला होता. वर येऊन वही उघडली. सत्तरी, बावीस. एक्काहत्तर, बावीस. आठही वर्षं बावीस. पण वहीही माझ्याच हातची. मला दुसऱ्याचे पाय हवे होते. आणि ते त्याचेच हवे होते.

मी कचेरीत फोन केला. बाईंनी उचलला. मी म्हटलं, साहेबांना सांगा, वीस वर्षांपूर्वी घर बघायला आलात तसे एकदा या, त्याशिवाय मी कागद जाऊ देणार नाही. मला वाटलं टाळतील. बाई म्हणाल्या, "उद्या दुपारी मीच घेऊन येते, आजी." मीच घेऊन येते, हे मला खटकलं. मी ते वहीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. मी खाली रस्त्यावरच उभी होते. म्हटलं, माझ्याकडे वही आहे, तीत आठ वर्षं बावीसच आहेत, मोठ्यानं मोजा साहेब, माझ्यासाठी. तो हसला, म्हणाला वहिनी तुमचा अजून माझ्यावर विश्वास नाही. कठड्याला हात लावून मोजत निघाला, मी मागून, बाई माझ्या मागे. माझ्या दाराशी पोचला तो बावीसवर. उभा राहिला. इकडेतिकडे बघितलं, जणू आणखी नऊ पायऱ्या कोणीतरी उचलून नेल्या होत्या. म्हणाला, मोजताना चुकलं. खाली गेला. बहात्तर वर्षांचा माणूस, परत चढला, या वेळी प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवून, लहान मूल चढतं तसा. बावीस.

"पण एकतीस आहेत," तो म्हणाला. "मला नक्की माहीत आहे, मी रोज चढतो."

बाई खालच्या वळणावरून हळू आवाजात बोलल्या. "सर, एकतीस तुमच्या घराच्या."

 मी दार उघडलं आणि त्याला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं. खरं सांगते, मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. आठ वर्षं मी त्याला पकडायची वाट बघत होते. पकडला, आणि त्याच्यासाठी पाणी आणायला गेले.

तो पाणी प्यायला, मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "वही आहे म्हणता ना तुमच्याकडे? द्या."

मी काढून दिली, आणि मगच आठवलं की तीत काय काय लिहिलं आहे. तो पहिल्या पानापासून वाचायला लागला, बोट ओळीखाली धरून. माझं अक्षर वाचायला त्याला वेळ लागत होता. दुधाचा एक्कावन्न हा भाव त्याला पाच वर्षांपूर्वीच्या पानावर सापडला. मग गेल्या वर्षीच्या पानावर थांबला. तिथे मी लिहिलं होतं, दुधाचा भाव दोनदा विचारला, मी दोनदा सांगितला, मला घोळात घ्यायला बघतो. त्याच्या आदल्या वर्षी लिहिलं होतं, आज विचारलं, यांना का नाही आणलंत. हे जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्याखाली माझी ओळ, मुद्दाम विचारलं, रडते का बघायला. रडले नाही.

ती ओळ त्यानं मोठ्यानं वाचली. मग बोट तिथेच ठेवून म्हणाला, "वहिनी, मी मुद्दाम नव्हतं विचारलं."

"ते मला आत्ता कळलं," मी म्हटलं.

इतकी वर्षं मी त्याच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली, सगळं बघितलं, सगळं लिहिलं, आणि प्रत्येक गोष्टीचा अर्थ उलटा लावला. तो विसरत होता आणि मी त्याला कावेबाज समजत होते.

त्यानं बाईंना विचारलं, कधीपासून. बाई उभ्याच होत्या. दोन वर्षं, म्हणाल्या. तो आकडे सांगायचा, त्या रात्री घरी नेऊन परत जुळवायच्या, पत्रं दुरुस्त करून पाठवायच्या. आत येऊन उभ्या राहायच्या त्या माझं ऐकायला नाही, तो काय विचारतो ते ऐकायला. पण पिवळ्या कागदावरच्या नोंदी आणि फुल्या तो स्वतः करायचा, स्वतःच्या हातानं लखोट्यात बंद करायचा, त्या कागदांना बाईंचा हात लागायचा नाही.

"आणखी कोणाचे कागद गेले?" त्यानं विचारलं. त्या वेळी त्याचा चेहरा बघवत नव्हता. स्वतःचं डोकं गेलं याचं त्याला एवढं दुःख नव्हतं, जेवढं याचं होतं.

बाईंनी पर्स उघडली. बँकेच्या नावाचे यंदाचे दोन लखोटे निघाले, एका निवृत्त शिक्षकाचा, एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा. टपालात टाकायला दिले होते, टाकलेच नाहीत. "नोकरी गेली असती तर जाऊ दे म्हटलं," त्या म्हणाल्या. दारात ग्लास घेऊन उभ्या राहणाऱ्या या बाईला मी दोन वर्षं मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते इथे लिहीत नाही. वहीत आहे.

पंच्याण्णवनं दोन्ही लखोटे फाडले, आपल्या बॅगेतून माझा तिसरा काढून तोही फाडला. मग त्याच बॅगेतून एक पिवळा कागद काढला. कडा झिजलेल्या, वर त्याचं स्वतःचं नाव. स्वतःसाठीही करून ठेवला होता, अकरा वर्षांपूर्वीची सही होती. खाली, कारभार कोणाकडे द्यायचा, ती ओळ रिकामी. बायको नाही, मूल नाही, आणि सगळ्या जगाला तो विचारत फिरायचा, तुमचं कोण?

पेन माझ्याकडे सरकवून म्हणाला, "तुम्ही लिहा वहिनी. तुमच्याइतकं माझ्यावर कोणी लक्ष ठेवलेलं नाही."

"मी अठ्ठ्याहत्तरची आहे साहेब. आपण दोघं मिळून एक डोकं व्हायचं. बाईंचं लिहा."

बाई नको नको म्हणत होत्या. तो म्हणाला, परीक्षा घेणारा बाहेरचा हवा, कारभार बघणारा घरचा. आणि त्यानं बाईंचं नाव लिहिलं, पूर्ण, न अडखळता. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं नाव कळलं.

चार महिन्यांत त्यानं कचेरी बंद केली. प्रत्येक माणसाला बोलावून स्वतः सांगितलं, काय झालं, का थांबतोय, कागद कुठे जाणार. मुलाला मी फोनवर सांगितलं की माझी सही माझ्याकडेच राहिली. तो म्हणाला, "म्हणजे तू नाही येत आमच्याकडे." त्याला वाईट वाटलं की सुटल्यासारखं वाटलं, ते मला फोनवर कळलं नाही. त्यानंतरच्या रविवारी तो आला आणि जिना एक-एक पायरी मोजत चढला. दारात म्हणाला, बावीस. चांगला आहे मुलगा. पण धुण्याच्या मशीनमागच्या खोलीला त्यानं खिडकी पाडून घेतलीच आहे.

पंच्याण्णव आता दर बुधवारी दुपारी येतो. बाई आणून सोडतात, तासाभरानं नेतात. तो मला पाच प्रश्न विचारतो, मग मी त्याला विचारते. पहिल्यांदा त्याचं एक उत्तर चुकलं, तेव्हा मी वहीत बरोबर करून लिहायला लागले. त्यानं माझा हात धरला. म्हणाला, मी सांगितलं तेच लिहायचं, तुम्हाला बरं वाटेल ते नाही, नाहीतर ह्या वहीचा उपयोग काय?

गेल्या बुधवारी मी विचारलं, तुमच्या घराला पायऱ्या किती? त्यानं बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. बावीस, म्हणाला.

मी बावीस लिहिलं.